जंगल कोणाचं?

बालदोस्तांनो, सागाचं कोवळं पान कधी तळहातावर चोळून पाहिलंय? नसेल, तर पावसाळ्यात पेठ, सुरगाणा किंवा हरसूलकडे गेलात की जरूर पाहा. हात लालचुटूक होतात! पण सागाची खरी करामत त्याच्या लाकडात आहे. त्यात तेल असतं. म्हणून वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही आणि पाण्यातही ते लवकर कुजत नाही. साहजिकच या झाडावर राज्यकर्त्यांचा फार पूर्वीपासून डोळा!

मराठ्यांच्या आरमारालाही साग लागायचा. पण तीनशे वर्षांपूर्वी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त बजावलं, की साग परवानगीनेच तोडावा. आंबा-फणसाला तर हातच लावू नये, कारण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात.

पुढे इंग्रज आले. मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली जात. १८१७ साली तिथं बांधलेलं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतंय, बोला! १८४२ साली इंग्रजांनी आपल्या सुरगाण्याला लागून असलेल्या डांगची जंगलं भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली. १८५३ साली आगगाडी धावली आणि रुळांखालच्या स्लीपाटांसाठी आणखी झाडं पडू लागली. एका मैलाला जवळजवळ दोन हजार स्लीपाटं! अशाने जंगल पुरणार कसं?

मग १८६४ साली सरकारने वनखातं काढलं आणि ब्रँडिस नावाच्या जर्मन तज्ज्ञाला प्रमुख केलं. त्या शास्त्राचं गणित तुम्हालाही सुटेल. समजा, साग तयार व्हायला ८० वर्षं लागतात. मग जंगलाचे ८० भाग करा. दरवर्षी एकच भाग तोडा आणि तिथं पुन्हा झाडं वाढवा. शेवटचा भाग तोडून होईपर्यंत पहिला पुन्हा तयार! या भागाला म्हणतात 'कूप'. म्हणजे मुद्दल राखून फक्त व्याज खायचं.

हिशेब चोख होता. पण त्यात एक गोष्ट धरलीच नव्हती. जंगलात माणसं राहत होती! १८७८ च्या कायद्याने मोठमोठी जंगलं 'राखीव' झाली. नागलीच्या रोपासाठी 'राब' भाजायला फांद्या तोडणं, गुरं चारणं, सरपण आणणं, या रोजच्या गोष्टींना परवानगी लागू लागली. नाहीतर दंड! महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याबद्दल सरकारला खडसावलं. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. तिथं पोलिसांच्या गोळीबारात माणसं प्राणाला मुकली.

स्वातंत्र्याच्या सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या. ठेकेदाराऐवजी आदिवासींनीच कूप तोडावेत आणि नफा त्यांनाच मिळावा, हा विचार. मात्र जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. २००६ साली वनहक्क कायदा झाला, पण सातबाऱ्यावर नाव लागेना. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, त्यात कितीतरी आदिवासी आया-आज्या, मुंबईला पायी निघाले. सुमारे १८० किलोमीटर! पाय फुटले, रक्त आलं. आणि शेवटच्या दिवशी काय केलं माहितीय? दहावीच्या मुलांना पेपरला जाताना त्रास नको, म्हणून ते रात्रीच चालत आझाद मैदानावर पोचले. ज्यांना स्वतःला शाळा मिळाली नव्हती, अशी माणसंही त्यांत होती.

आता तुमचं काम. लाकडाच्या वखारीत जा, मोठ्या ओंडक्यावरची वर्तुळं मोजा. एक वर्तुळ म्हणजे ढोबळमानाने एक वर्ष. मग वहीत एका जंगलाचे ८० चौकोन आखा. किती चौकोन लाकडासाठी ठेवाल? राब, गुरं, सरपण यांसाठी किती? आणि वाघ-बिबट्यांसाठी किती?

बेरीज मात्र ८० च यायला हवी हं! मग बघा, जमतंय का.