दादीच्या ओढणीतला पेढा

वसईचा इतिहास विचारला की आपण १७३९ सांगतो. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला. मग १८०२चा वसईचा तह. माझ्या दादीला मात्र सनावळी कधी जमली नाही. ती रमजान सांगायची.

‘माझा पहिला रोजा होता, त्या दिवशी शाळेत पेढे वाटले,’ असं ती म्हणे. मोठेपणी मी हिशेब केला. तो १५ ऑगस्ट १९४७, रमजानचा शेवटचा शुक्रवार. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी वसईतली सात वर्षांची एक मुलगी ओढणीच्या टोकाला पेढा बांधून सूर्यास्ताची वाट पाहत होती.

१९८२च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे आजोबा गिरणी कामगार. जूनअखेर रमजान लागला तेव्हा घरात पाच महिने पगार नव्हता. खजूर परवडेना. वाडीतल्या ख्रिस्ती मावशींनी राजेळी केळ्यांची सुकेळी पाठवली. त्या वर्षी आमच्याकडे रोजा सुकेळीने सुटला.

१२ मार्च १९९३. पुन्हा रमजान, पुन्हा शुक्रवार. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. अब्बा फोर्टमध्ये नोकरीला होते. रात्र झाली तरी परतले नव्हते, इफ्तारचं ताट तसंच झाकलेलं. शेजारचे काका वसई रोड स्टेशनवर जाऊन उभे राहिले आणि अब्बांना सोबत घेऊनच आले. दुसऱ्या दिवशी ओळखीच्याच एकाने अब्बांना विचारलं, ‘तुमच्या लोकांनी हे काय केलं?’ दादी काकांचं नाव शेवटपर्यंत घ्यायची. त्या माणसाचं तिने कधीच घेतलं नाही.

इतिहास घडवणारे मूठभर असतात, भोगणारे सगळे. तरी जाब मात्र शेजाऱ्याला विचारला जातो. पोर्तुगीजांच्या राजवटीचा हिशेब सुकेळी देणाऱ्या मावशींकडे मागायचा का? स्फोटांचा अब्बांकडे? आणि त्याआधी दोन महिने मुंबईत ज्या दंगली झाल्या, त्यांचा स्टेशनवर उभ्या राहिलेल्या काकांकडे? आमच्या घरातही बोलता बोलता ‘ते लोक’ निघायचं. दादी तिथेच अडवायची. ‘कोण लोक? नाव सांग,’ म्हणायची. नाव घेतलं की समोर माणूस उभा राहतो, आणि पुढचं वाक्य जिभेवर येत नाही.

दोन वर्षांपूर्वी दादी गेली. तिच्याकडून अजून कितीतरी विचारून घ्यायचं राहिलं. तुमच्या घरात, वाडीत, सोसायटीत अशी जुनी माणसं असतील. या ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन त्यांच्याजवळ बसा. ‘त्या दिवशी तुम्ही कुठे होता, आणि तुमच्या दाराशी कोण आलं होतं?’ एवढंच विचारा. वसईचा तो इतिहास कुठल्याही पुस्तकात सापडायचा नाही.