‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार

२५ जून २०२५ रोजी दुपारी बारा वाजून एक मिनिटाने फ्लॉरिडातील केनेडी अवकाश केंद्राच्या ३९-अ या मंचावरून फाल्कन-९ अग्निबाण उठला, तेव्हा तेथे मध्यरात्र उलटून गेलेली होती आणि येथे कचेऱ्यांतील कामकाज ऐन भरात होते. तरीही काही मिनिटे टंकफलकांवरील बोटे थबकली, चहाचे पेले तसेच निवले आणि गृप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांना वाहून नेणारी ती ज्वाळेची रेघ पडद्यावर दिसेनाशी होईपर्यंत कोणी जागचे हलले नाही. राकेश शर्मा यांच्या १९८४ मधील उड्डाणानंतर तब्बल एकेचाळीस वर्षांनी एक भारतीय अवकाशात चालला होता. त्या दिवशीचा आनंद यथायोग्यच होता. त्याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. आम्हांस लिहावयाचे आहे ते त्याआधीच्या पंधरवड्याविषयी, ज्या पंधरवड्यात काहीच उडाले नाही.

वाचकांस आठवत असेल की, हे उड्डाण प्रथम मे अखेरीस व्हावयाचे होते. पुढे ते ८ जूनवर गेले, तेथून १० जूनवर, आणि हवामान प्रतिकूल म्हणून ११ जूनवर. ११ तारखेसही ते झाले नाही. नंतर १९ आणि २२ जून याही तारखा आल्या व गेल्या. या काळात आपल्याकडे जी भाषा वापरली गेली ती फारशी अभिमानास्पद नव्हती. ‘पुन्हा मुहूर्त हुकला’, ‘शुक्लांची प्रतीक्षा लांबली’, ‘भारतीयांचा हिरमोड’ अशी शीर्षके सर्वत्र झळकली. आमच्या स्तंभांतूनही ती झळकली, हे कबूल करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. उड्डाण टळणे हे जणू अपयश आणि उड्डाण होणे हे यश, इतक्या सोप्या हिशेबाने आपण सारे त्या पंधरवड्याकडे पाहत होतो.

प्रत्यक्षात घडले होते ते असे. उड्डाणापूर्वी अग्निबाण मंचास जखडून ठेवून त्याची इंजिने काही सेकंद पेटवून पाहतात. या वेळी ती सात सेकंदांची चाचणी झाल्यानंतरच्या तपासणीत पहिल्या टप्प्याच्या इंजिनांच्या कप्प्यात द्रव प्राणवायूची गळती आढळली. हा अग्निबाण नवा नव्हता. तो दुसऱ्यांदा उडणार होता. पहिल्या उड्डाणाहून परत येतानाच ही गळती दिसली होती आणि मधल्या डागडुजीत ती पुरती दुरुस्त झाली नव्हती, असे स्पेसएक्स कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याने पत्रकारांसमोर सांगितले. गळती चालूच राहिली तर त्या कप्प्यातून निष्क्रिय वायूचा झोत सोडून तिचा उपद्रव आटोक्यात ठेवावा, असा एक उपाय प्रथम पुढे आला होता. उणे १८० अंशांहूनही थंड असा हा द्रव जळत नाही. परंतु ज्यास तो स्पर्श करतो त्यास भयंकर वेगाने जळण्यास तयार करतो, आणि नऊ इंजिने जेथे एकाच वेळी धडधडत असतात तेथे त्याचा एखादा थेंबही भलत्या जागी असणे बरे नव्हे.

भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे अध्यक्ष व्ही. नारायणन आणि त्यांचे सहकारी त्या वेळी फ्लॉरिडात होते. गळती जागच्या जागी दुरुस्त करावी, सदोष भाग बदलावा आणि नीच तपमानात पुन्हा गळतीची चाचणी घेऊन मगच उड्डाणास अनुमती द्यावी, असा आग्रह त्यांनी धरला. दुरुस्तीच्या वेळी प्राणवायूच्या नळीस तडा गेलेला आढळला आणि तशाच स्थितीत अग्निबाण उडाला असता तर मोठा अनर्थ ओढवला असता, असे नारायणन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. दुरुस्ती होते न होते तोच अवकाश स्थानकाच्या रशियन विभागातील हवागळतीचा प्रश्न उपस्थित झाला आणि त्याचा अभ्यास होईपर्यंत आणखी काही दिवस गेले.

या प्रसंगातील आपले स्थान काय होते, याचा विचार करावा. अग्निबाण आपला नव्हता, यान आपले नव्हते, मंच आपला नव्हता. सुमारे साडेपाचशे कोटी रुपये मोजून आपण एका पाहुण्याच्या आसनावर आपला माणूस बसवीत होतो. ज्या कंपनीच्या अग्निबाणांनी शेकडो यशस्वी उड्डाणे केली आहेत, तिच्या अंगणात उभे राहून ‘हे आम्हांस पटत नाही’ असे म्हणावयास केवळ तांत्रिक ज्ञान पुरत नाही. लग्नघरी मुहूर्ताची घटिका भरत आली असता मंडपाचा खांब हलतो आहे असे सांगणाऱ्या पाहुण्याकडे लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर सोसण्याची तयारी लागते.

अशी नजर सोसूनही ज्यांचे कोणी ऐकले नाही, अशा माणसांची कथा जगास ठाऊक आहे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री मॉर्टन थायोकोल या कंपनीच्या अभियंत्यांनी, रॉजर बॉइजोली हे त्यांपैकी एक, दूरध्वनीवरील बैठकीत ‘चॅलेंजर’चे उड्डाण करू नये असे परोपरीने सांगितले. घनइंधनाच्या बूस्टरचे सांधे ज्या रबरी कड्यांनी बंद केलेले असतात, ती कडी थंडीत आपली लवचीकता गमावतात. त्यापूर्वीच्या सर्वांत थंड उड्डाणाच्या वेळचे, म्हणजे सुमारे बारा अंशांचे, तपमान असल्याखेरीज उडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्या रात्री फ्लॉरिडात पारा शून्याखाली उतरत होता. ‘नासा’च्या अधिकाऱ्यांनी नापसंती दर्शविली, कंपनीच्या व्यवस्थापकांनी थोडा वेळ मागून घेतला, आपसांत खल केला आणि अभियंत्यांचा सल्ला बाजूस सारून उड्डाणास संमती कळविली. दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाणानंतर अवघ्या त्र्याहत्तर सेकंदांत सात माणसे गेली. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळाशिक्षिका होती.

या घटनेतील दोन गोष्टी आम्हांस विशेष बोचतात. पहिली वृत्तपत्रांविषयीची. त्या आधीच्या दिवसांत शटलच्या टळणाऱ्या तारखांची अमेरिकन प्रसारमाध्यमांतून थट्टा चालली होती. ती थट्टा करणाऱ्यांनी रबरी कडे बनविले नव्हते हे खरे. परंतु उड्डाण करा म्हणणारा जो दबाव त्या बैठकीवर होता, त्यात आपला वाटा काहीच नव्हता असे त्यांसही म्हणता येणार नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आदल्या रात्री हा वाद झाला, हे त्या सात जणांस कोणीही सांगितले नव्हते. अवकाशवीर धोका पत्करतो हे आपण नेहमी कौतुकाने म्हणतो. पण जो धोका त्यास सांगितलाच नाही तो त्याने पत्करला असे म्हणता येत नाही; तो त्याच्यावर लादला गेला. लोकलच्या दारात लटकणारा मुंबईकर निदान आपण लटकत आहोत हे जाणतो.

चौकशी आयोगाचे एक सदस्य, पदार्थविज्ञानवेत्ते रिचर्ड फाइनमन, यांनी शटल गमावण्याची शक्यता किती असा प्रश्न विचारला असता, व्यवस्थापकांकडून एक लाखात एक आणि काम करणाऱ्या अभियंत्यांकडून शंभरात एक अशी उत्तरे आली. शटलची एकंदर १३५ उड्डाणे झाली आणि त्यांत दोन याने व चौदा माणसे गेली. अंदाज कोणाचा खरा ठरला, हे वाचकांनीच पाहावे. दुसरे यान ‘कोलंबिया’. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या टाकीवरील फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. फेस असा सुटणे नेहमीचेच झाले होते आणि म्हणूनच त्याचे भय वाटेनासे झाले होते. पंखाची छायाचित्रे मिळवावीत ही अभियंत्यांची विनंती वरिष्ठांनी पुढे जाऊ दिली नाही. १ फेब्रुवारीस कर्नालच्या कल्पना चावला आपल्या सहा सोबत्यांसह परतीच्या वाटेवर गेल्या. नेहमीचे दुखणे हे दुखणेच नव्हे असे मानण्याच्या या सवयीचा डायॅन वॉन या समाजशास्त्रज्ञ विदुषीने ‘चॅलेंजर’च्या संदर्भात फार मार्मिक अभ्यास केला आहे. आधीच्या उड्डाणात दिसलेली गळती पुढच्या उड्डाणापर्यंत तशीच राहते, तेव्हा त्या अभ्यासाची आठवण होणे अपरिहार्य आहे.

तथापि, शंका निघाली की थांबा, असा सरसकट नियम केला तर कोणीही कधीही उडणार नाही, हा आक्षेप खोटा नाही. खासगी यानांतून माणसे पाठविताना ‘नासा’ने स्वतःच जी मर्यादा ठरविली ती २७० मोहिमांत एक प्राणघातक अपघात, अशी आहे. म्हणजे शून्य धोक्याचे वचन कोणी दिलेले नाही आणि ते देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. फाल्कनमध्ये माणसे आधी बसतात व इंधन नंतर भरले जाते. पूर्वीच्या प्रथेच्या हे उलट आहे. २०१६ च्या सप्टेंबरात असाच एक अग्निबाण मंचावर इंधन भरताना फुटला असल्यामुळे या पद्धतीवर पुष्कळ वाद झाला, आणि तो विचारपूर्वक मिटवून ती मान्य करण्यात आली. हाही धोकाच, पण मोजलेला, मांडलेला आणि बसणाऱ्यास ठाऊक असलेला. गळक्या नळीची गोष्ट निराळी होती. तिचा दोष समोर दिसत होता, दुरुस्ती हाती होती आणि मोजावयाची किंमत केवळ काही दिवसांची होती. अशा वेळी घाई करण्यास कोणतेच समर्थन उरत नाही.

किंमत मोठी असतानाही थांबणे शक्य असते, हे २०२४ मध्ये दिसले. बोइंगच्या ‘स्टारलाइनर’मधून ५ जूनला निघालेल्या सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांच्या यानात हेलियमची गळती झाली व दिशा देणारी काही इंजिने बंद पडली. कंपनीस यानावर भरवसा होता. ‘नासा’ने मात्र २४ ऑगस्टला ते यान रिकामे परत आणण्याचे ठरविले. सप्टेंबरात ते सुखरूप उतरले. मग माणसे का नाही आणली, असे तेव्हा विचारले गेले. या प्रश्नाइतका अविचारी प्रश्न नाही. जुगारात फासा अनुकूल पडला म्हणून जुगार शहाणपणाचा ठरत नाही. त्या दोघांस आठ दिवसांऐवजी नऊ महिन्यांहून अधिक काळ वर काढावा लागला. १८ मार्च २०२५ रोजी ती दोघे परत आली.

आता प्रश्न आपल्या घरचा आहे. गगनयानाची घोषणा १५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून झाली तेव्हा २०२२ ची मुदत सांगितली होती. ती टळली, पुढच्याही मुदती टळल्या आणि २०२७ हे वर्ष पुढे आले. या विलंबाबद्दल शास्त्रज्ञांस दूषण देणारे आहेत. आमचे मत उलट आहे. सणावाराची आणि स्वातंत्र्यदिनाची सांगड अग्निबाणाशी घालू नये. अग्निबाणास पंचांग कळत नाही. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे संकटकाळी माणसांचे कोष अग्निबाणापासून दूर ओढून नेणाऱ्या यंत्रणेची चाचणी होती. प्रज्वलनास पाच सेकंद असताना संगणकाने ती थांबविली. दोष शोधून त्याच सकाळी ती पुन्हा घेतली व यशस्वी झाली. ही यंत्रणा शोभेची नव्हे. सप्टेंबर १९८३ मध्ये बैकानूर येथे सोयूझ अग्निबाण मंचावरच पेटला, तेव्हा स्फोटाच्या दोनएक सेकंद आधी अशाच यंत्रणेने तितोव व स्त्रेकालोव यांस उचलून दूर नेले. त्यानंतर सहाच महिन्यांनी त्याच जातीच्या अग्निबाणावर राकेश शर्मा बसले होते, हे त्या काळी आपल्यापैकी कितीकांस ठाऊक होते? शटलमध्ये मात्र ‘चॅलेंजर’च्या प्रवाशांस असे कोणतेच साधन नव्हते.

विक्रोळीच्या कारखान्यात या अग्निबाणाची विकास इंजिने घडतात. पवई आणि वालचंदनगर येथे त्याच्या बूस्टरच्या प्रचंड पोलादी कोठ्या तयार होतात. म्हणजे ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार केवळ श्रीहरिकोट्याच्या नियंत्रणकक्षात असून भागणार नाही. सांधा जोडणाऱ्या कारागिरास जोड मनास न आल्यास ते लेखी सांगता आले पाहिजे आणि त्यापायी त्याची बढती अडता कामा नये. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्हीचे उड्डाण तिसऱ्या टप्प्यात फसले. अशा अपयशांच्या चौकशीचे अहवाल संरक्षणविषयक तपशील वगळून नागरिकांपुढे यावेत, अशी आमची शासनाकडे मागणी आहे. ‘चॅलेंजर’ व ‘कोलंबिया’ यांविषयी वर जे आम्ही लिहू शकलो ते अमेरिकेने आपले अहवाल छापले म्हणून. सर्वांत आधी ते अहवाल त्या चौघांच्या हाती पडावेत, ज्यांची नावे २७ फेब्रुवारी २०२४ रोजी तिरुअनंतपुरम येथे जाहीर झाली आणि ज्यांतील एक आता जाऊन आला आहे.

आमच्यापुरते सांगावयाचे तर, गगनयानाचा दिवस पुन्हा पुढे गेल्यास तो का गेला हे आम्ही याच पानावर सविस्तर छापू. कितव्यांदा गेला, हे आतल्या पानावर एका ओळीत येईल.