मामाची शेवटची पाळी

मॅमोग्राफीच्या सेंटरवर एक फॉर्म भरून घेतात. नाव, वय, मुलं किती, अंगावर पाजलं होतं का, वगैरे. माझ्या मामाने तो फॉर्म गुडघ्यावर ठेवून अगदी तब्येतीत भरला आणि माझ्या हातात दिला. 'शेवटची पाळी कधी?' या रकान्यासमोर त्याने लिहिलं होतं: '३१ मे २०१९, दुसरी पाळी, दापोडी वर्कशॉप.'

(मामा एसटीतून रिटायर झाला. ३४ वर्षं इंजिनं उघडली आणि बसवली.)

काउंटरवरच्या मुलीने त्याआधी दोनदा "मॅडम कुठे आहेत?" असं विचारलं होतं. फॉर्म वाचून ती इतकी हसली की आतून टेक्निशियन बघायला आली. मला मात्र हसू आलं नाही. मला त्या बाकावरच्या सहा बायकांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पेशंट तो, आणि लाज मला! ऑगस्ट २०२३ ची ही गोष्ट. त्यानंतरचे सात-आठ महिने मी मामाच्या केमोच्या बहुतेक वाऱ्या केल्या, मांडीवर लॅपटॉप आणि कानात स्टँड-अप कॉल घेऊन. त्या काळात माझी काही मतं पार बदलली, ती आज लिहून टाकतो.

पहिलं मत. "हसत राहा, पॉझिटिव्ह राहा, अर्धा आजार मनाचा असतो" हे वाक्य कॅन्सरच्या पेशंटला म्हणणाऱ्या माणसाला मी आता सरळ थांबवतो. मीही आधी त्याच पंथातला. १९९५ साली मुंबईच्या एका बागेत डॉ. मदन कटारियांनी हास्यक्लब सुरू केला, तेव्हापासून आपल्याकडे हसणं हे जवळजवळ औषधाच्या दुकानात मिळायला लागलंय. नॉर्मन कझिन्सचं १९७९ चं पुस्तकही हमखास पुढे केलं जातं. पण त्याचा आजार कॅन्सर नव्हता, सांध्यांचा-मणक्याचा होता, हे सांगायचं राहून जातं.

१९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांचा 'लॅन्सेट'मधला अभ्यास गाजला होता. शरीरभर पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ८६ बायका, त्यातल्या आधारगटात बसणाऱ्या जवळपास दीड वर्ष जास्त जगल्या. सगळे खूश. मग २००१ मध्ये तोच प्रयोग २३५ बायकांवर झाला आणि आयुष्यात काही फरक पडला नाही. २००७ मध्ये हजाराहून जास्त डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या पेशंटांचा अभ्यास आला. मनाने बरं असणं आणि जास्त जगणं याचा संबंधच सापडला नाही. स्पीगल यांनी स्वतः पुन्हा केलेल्या प्रयोगातही पहिला निकाल तसा उतरला नाही. म्हणजे बग रिप्रोड्यूस झाला नाही, असं आमच्या धंद्यात म्हणतात.

पण २००१ च्या त्याच अभ्यासात अजून एक ओळ आहे. गटातल्या बायकांचं दुखणं कमी होतं, आणि ज्या आधी फार खचल्या होत्या त्यांना मनाने बरं वाटत होतं. मरण पुढे गेलं नाही, मधले दिवस सुसह्य झाले. मला हे पुष्कळ वाटतं. आणि यात पेशंटवर जबाबदारी नाही. नाहीतर आजार उलटला की "मन खंबीर ठेवलं नसेल" असा ठपका बिचाऱ्याच्याच माथी.

मग विनोदाचा उपयोग काय? माझ्या मते एकच, पण मोठा. ज्याबद्दल तोंड उघडता येत नाही त्याबद्दल तोंड उघडतं.

मामाला डाव्या स्तनाग्राखाली गाठ लागली होती जानेवारीत, आंघोळ करताना. दुखत नव्हती. "चरबी असेल" म्हणून सोडून दिली. मग स्तनाग्र आत ओढल्यासारखं दिसायला लागलं, तरी गप्प. ऑगस्टमध्ये मामीला धुण्यात बनियनवर रक्ताचा बारीक डाग दिसला आणि तिने मला फोन केला. आठ महिने! मामा अडाणी नाही. इंजिनातून वेगळा आवाज आला तर गाडी रस्त्यावर सोडू नये हे तो ३४ वर्षं ड्रायव्हरांना ओरडून सांगत होता. पण पुरुषाला हा आजार होतो हे त्याला माहीत नव्हतं, आणि संशय आला तेव्हा सांगायला शब्द नव्हता.

होतो. स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण शंभर पेशंटांत एक पुरुष असतो. बहुतेक साठीच्या आसपासचे. पुरुषालाही तिथे थोड्या दुधाच्या नळ्या असतातच, आणि आजार तिथेच सुरू होतो. उपचारही तेच: ऑपरेशन, केमो, रेडिएशन, मग गोळ्या. फक्त पुरुष उशिरा येतात. 'शाफ्ट' सिनेमाचा तो रुबाबदार हीरो रिचर्ड राउंडट्री, त्याला १९९३ मध्ये झाला आणि त्याने काही वर्षं कुणाला सांगितलं नाही. बियॉन्सेच्या वडिलांना, मॅथ्यू नोल्स यांना, २०१९ मध्ये कळलं. त्यांच्याही शर्टवर रक्ताचा ठिपका दिसायचा.

आपल्याकडे शब्दाचा घोळ आणखी वेगळा. आपण सोवळेपणाने 'छातीचा कॅन्सर' म्हणतो. मामानेही आधी नातेवाईकांना तेच सांगितलं. परिणाम असा की येणारा प्रत्येक जण त्याला विडी-सिगरेटवर लेक्चर द्यायला लागला. मामाने आयुष्यात सुपारी खाल्लेली नाही. चौथ्या लेक्चरला तो वैतागला आणि म्हणाला, "अहो फुप्फुसाचा नाही, स्तनाचा. बायकांना होतो तो. लेडीज सीटवर बसलो होतो, दंड झाला." खोलीत दोन सेकंद शांतता, आणि मग सगळे हसले. त्यानंतर तो शब्द त्या घरात कुणाला अडला नाही. शेजारच्या काकांनी तर निघताना मला जिन्यात गाठून विचारलं, "गाठ साधारण कुठे लागते रे?" ते माझ्याकडे न बघता कठड्याकडे बघत होते, पण विचारलं.

मामाचं केमो ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. ऑक्टोबर म्हणजे गुलाबी महिना, त्यामुळे वॉर्डात गुलाबी फुगे. पहिले चार डोस दर २१ दिवसांनी, त्यात डॉक्सोरुबिसिन नावाचं लालभडक औषध. सिस्टर ते मोठ्या सिरिंजने हळूहळू हाताने सोडतात. मामाने पहिल्याच दिवशी नाव ठेवलं: लालपरी. "सिस्टर, लालपरी लागली का फलाटाला?" तिसऱ्या डोसपर्यंत अख्खा वॉर्ड लालपरी म्हणत होता. त्यानंतर लघवीही दिवसभर लाल होते, त्यावर "परी घरापर्यंत सोडते, एसटी एवढी सेवा देत नाही." टक्कल त्याला आधीच होतं. भुवया गेल्या तेव्हा मात्र आरशासमोर बराच वेळ उभा होता. त्यावर त्याने जोक केला नाही, आणि आम्हीही नाही.

हे सांगायचं कारण, जोक करायचा हक्क पेशंटचा. हे माझं दुसरं मत, आणि यावर मी हट्टी आहे. आमच्या एका नातेवाइकाने, मामा एवढं हसतो म्हणून, "मग साडी कधी नेसणार?" असं विचारलं. तसं बघितलं तर मामाच्या लेडीज सीटपेक्षा हे काही फार वेगळं नाही. पण मामा संध्याकाळभर बोलला नाही. स्वतःच्या जखमेवर स्वतः हात ठेवणं वेगळं, दुसऱ्याने ठेवणं वेगळं. त्याने केला तर हसा. आपण होऊन करू नका.

मग आपण काय करायचं? कामं! मामाच्या वर्कशॉपमधल्या चार रिटायर्ड दोस्तांनी एक शब्द न विचारता ड्युटी लावली. एक गाडी काढणार, एक वॉर्डात बसणार, एक मामीला बाजाराला नेणार, चौथा राखीव. चक्क कागदावर तक्ता, फ्रिजला चिकटवलेला. मी शेअर्ड शीट बनवली होती, रंगबिरंगी, ती कुणी उघडली नाही. असो. माझ्या वाट्याला विम्याचे कागद आले. क्लेम, प्री-ऑथ, राहिलेली बिलं, पुन्हा तीच बिलं. आपल्यासारख्या लोकांना यातलं दुसरं काही जमणार नसेल तर हे नक्की जमतं. बाकी "काही लागलं तर सांगा" हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलेलं असतं, पण ते काम पुन्हा पेशंटवरच टाकतं. त्याने आठवायचं, त्याने मागायचं, त्याने ओशाळायचं. त्यापेक्षा "मंगळवारी दळण मी आणतोय" म्हणा.

आता विनोदाची दुसरी बाजू, जी मला फार उशिरा कळली.

दुसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी रात्री मी फोन केला. मामा फॉर्मात होता. "इंजिन जरा गरम आहे, रेडिएटरमध्ये पाणी घालतोय," म्हणाला. मी हसलो आणि फोन ठेवला. डिप्लॉयमेंट चालू होतं माझं. वीसेक मिनिटांनी कॉफी करताना एकदम डोक्यात आलं, की हा जोक नाही, हा रिपोर्ट आहे. मामीला फोन केला. त्याने तापाची गोळी घेतली होती, थर्मामीटर लावायच्या आधी. गोळी उतरूनही ताप १००.८.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट तीन वेळा सांगितली होती. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र बघायची नाही, गोळी घ्यायची नाही, सरळ यायचं. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला असतात. जंतू शिरले तर लढायला कुणी नसतं, आणि गोळीने ताप झाकला जातो, जंतू नाही. त्या रात्री मामाच्या न्यूट्रोफिल पेशी ३०० होत्या. ५०० च्या खाली म्हणजे धोका मोठा. पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक. दुसऱ्या दिवशी पहाटे मला म्हणाला, "तुझं काम चालू होतं, आणि हिचा गुडघा दुखत होता. कशाला उठवायचं म्हटलं."

आठ महिने गाठ लपवली ती गप्प बसून. ताप लपवला तो जोक करून. माणूस तोच, सवय तीच, फक्त आवाज वेगळा. मी एवढे दिवस त्याच्या विनोदाचं कौतुक करत होतो आणि त्याच कौतुकामुळे त्या रात्री फोन ठेवून मोकळा झालो. घरी आल्यावर मामीने नियम काढला: आधी आकडा, मग जोक. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर, आकडा ग्रुपवर, त्यानंतर काय हवं ते बोला. मामा आकडा टाकायचा आणि खाली 'गाडी पास' असं लिहायचा. एखाद्या दिवशी नुसताच आकडा आला, तर चौघांपैकी कुणीतरी चहाच्या निमित्ताने घरी टपकायचं.

नंतरचे १२ आठवडी डोस त्या मानाने सोपे गेले. बोटं बधिर झाली, शर्टाची बटणं मामी लावायची. आता पाच वर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी आहे. तिने पुरुषांनाही अंगातून वाफा येतात, ऐन थंडीत घाम फुटतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मामा रात्री दोनला उठून पंख्याखाली उभा राहिला. मामी अंथरुणातून म्हणाली, "मला व्हायचं तेव्हा पंखा बंद करत होतात. आता कळलं?" या सगळ्या काळातला सर्वोत्तम जोक हाच, आणि तो पेशंटचा नाही. पण मामीला तेवढा हक्क आहे, माझा नियम तिला लागू नाही.

एक गोष्ट अजून उरली आहे. पुरुषाला हा कॅन्सर झाला की जनुकांची तपासणी करायला सांगतात. मामाच्या बीआरसीए-२ या जनुकात दोष निघाला. तो आजी किंवा आजोबांकडून आलेला असणार. म्हणजे मामाच्या सख्ख्या बहिणीत, माझ्या आईत, तो असण्याची शक्यता निम्मी. तिच्यात असला तर माझ्यात आणि माझ्या बहिणीत पुन्हा निम्मी. बाईला यात आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते. पुरुषाला ती ७ टक्क्यांपर्यंत, शिवाय प्रोस्टेटचा धोका वाढतो. आई वर्षभर "या वयात कशाला" म्हणून टाळत होती. मी आकडे दाखवले, बहीण रडली, उपयोग शून्य.

दिवाळीत मामा घरी आला आणि जेवताना म्हणाला, "ताई, बाबांची जमीन वाटली तेव्हा तू हक्कसोडपत्रावर सही केलीस. एका शब्दाने बोलली नाहीस. निदान या इस्टेटीत तुझा हिस्सा लागलाय का, ते तरी बघ."

आई हसली. मग पदर डोळ्याला लावून उठून आत गेली, पोळ्या करत राहिली. त्या जमिनीबद्दल पंचवीस वर्षांत त्या घरात कुणी बोललं नव्हतं.

गेल्या सोमवारी रक्त दिलं. रिपोर्टला तीन आठवडे लागतात. आणायला मामा येणार म्हणतोय, आणि काही फॉर्म भरायचा असेल तर तो मीच भरणार, असंही बजावून ठेवलंय.