'ॲक्सेस डिनाइड' आणि बदगुमानी



सहामाही परीक्षेनंतरची गोष्ट. आमच्या शाळेत एका संगणकावर 'निकाल' नावाचा फोल्डर आहे. स्टाफरूममधले बाकीचे संगणक तो नेटवर्कवरून उघडतात. मी उर्दूचे गुण भरायला बसले. फाइल उघडली, गुण भरले, पण सेव्ह करताना 'ॲक्सेस डिनाइड' असा संदेश आला. सगळ्यांचीच हीच तक्रार. निकालाची घाई होती. एका सहकाऱ्यांनी दोन मिनिटांत 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन टाकला आणि सर्वांची कामे सुरू झाली.

चौथ्या दिवशी नववीची फाइल गायब! नेटवर्कवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. 62 मुलांचे गुण उत्तरपत्रिका काढून पुन्हा चढवावे लागले. मेहनत तर गेलीच, पण आठवडाभर आम्ही एकमेकांकडे संशयाने पाहत राहिलो, ते जास्त वाईट वाटले. सूरह हुजुरातच्या 12व्या आयतीत गुमानापासून दूर राहण्याची ताकीद आहे. आम्ही तर गुमानाला स्वतःच दार उघडून दिले होते.

मग दिवाळीच्या सुट्टीत बसून हा विषय नीट समजून घेतला. आपल्यापैकी अनेकांची मुले ऑफिसात काम करतात, दुकानाचे हिशेबही आता असेच सामाईक फोल्डरमध्ये असतात, म्हणून सांगते.

विंडोजमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' असे दोन वेगळे टॅब असतात. शेअरिंग हे अंगणाचे फाटक समजा आणि सिक्युरिटी हे खोलीचे दार. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात, आणि दोहोंपैकी जिथे परवानगी कमी, तेवढीच त्याला मिळते. आमच्याकडे सिक्युरिटीत शिक्षकांना 'मॉडिफाय' होते, पण शेअरिंगमध्ये फक्त 'रीड'. म्हणून फाइल उघडायची, सेव्ह व्हायची नाही. खुद्द त्या संगणकावर बसणाऱ्याला फाटक लागतच नाही. त्यामुळे आमचे क्लार्क दर वेळी म्हणायचे, "मॅडम, माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय!"

दोन्ही टॅब ठीक असूनही अडले, तर या गोष्टी क्रमाने पाहाव्यात :

1. फाइल दुसऱ्या कुणाकडे उघडी तर नाही ना? तसे असेल तर दोष परवानगीचा नाही.

2. आपण कोणत्या नावाने आत गेलो आहोत? जुने नाव-पासवर्ड 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये साठून राहिलेले असू शकते.

3. नाव नुकतेच एखाद्या गटात घातले असेल, तर एकदा साइन आउट करून पुन्हा साइन इन करावे.

4. कुठे 'डिनाय'वर खूण आहे का? माणूस दोन गटांत असेल, तर एका गटाचा 'डिनाय' सहसा दुसऱ्या गटाच्या 'अलाउ'वर भारी पडतो. ही खूण शक्यतो वापरूच नये.

5. फाइल दुसऱ्या फोल्डरमधून हलवली होती का? एकाच ड्राइव्हवर 'कट' करून आणलेली फाइल बहुधा जुन्याच परवानग्या घेऊन येते. 'कॉपी' केलेलीला नव्या फोल्डरच्या लागू होतात.

6. तरीही उलगडा झाला नाही, तर सिक्युरिटीमधील 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' आहे. तिथे माणसाचे नाव निवडले की खोलीच्या दाराशी त्याला काय काय करता येते, ते दिसते.

आता आमच्या शाळेत प्रत्येक शिक्षकाचे स्वतंत्र खाते आहे. फाटकावर शिक्षकांच्या गटाला 'चेंज' दिले आहे. आत विषयवार फोल्डर आहेत : आपल्या विषयाला 'मॉडिफाय', बाकीच्यांना 'रीड'. 'फुल कंट्रोल'ने परवानग्याही बदलता येतात, म्हणून तो फक्त सांभाळणाऱ्याकडे ठेवला. 'मॉडिफाय' असणाऱ्याच्या हातूनही फाइल चुकून पुसली जाऊ शकते, म्हणून रोज संध्याकाळी एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेतो.

सुरुवातीला एक-दोघांना वाटले, आपल्यावर विश्वास नाही. मी म्हटले, मुलांचे गुण ही अमानत आहे. उद्या काही चुकले, तर जो त्या खोलीत जाऊच शकत नव्हता, त्याच्यावर बोट तर उठणार नाही!

तुमच्या दुकानातल्या किंवा संस्थेतल्या सामाईक फोल्डरवर 'एव्हरीवन – फुल कंट्रोल' आहे का, तेवढे आज पाहून घ्या.