बेटांवर बोटी वाढवण्याआधी

संपादक महोदय,

मालवण-वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांवर बोटी वाढल्या की विकास होईल, हे आपल्या अंकातील पत्र वाचले. रोजगाराची तळमळ पटते, उपाय पटत नाही.

सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर उभा आहे. चहूकडे खारे पाणी असताना तिथल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत. बेटाच्या पोटात साठते ते फक्त पावसाचे पाणी. पर्यटकांसाठी उपसा वाढला की खाली समुद्राचे पाणी शिरते, आणि एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोड होणे फार कठीण.

याच किल्ल्याभोवती प्रवाळ आहे. म्हणून तर 1987 साली 29.12 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याला पारंपरिक मच्छीमारांनी विरोध केला, आणि त्यांना विश्वासात न घेता नियम लादणे चूकच. पण प्रवाळ मोडले तर मासळीचा आसराही जातो. म्हणजे तोटा पहिला मच्छीमारांचाच.

वेंगुर्ला रॉक्स या वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांवरील गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात. ती परदेशी सूपसाठी चोरली जात, पिल्लांसकट संसार उद्ध्वस्त होई. तिथे पर्यटकांचा गोंगाट कशाला न्यायचा?

माझी प्रशासनाला विनंती एवढीच: प्रवाळावर नांगर टाकू देऊ नका, बोटी बांधायला कायमच्या बोया बसवा, रोजच्या पर्यटकांची मर्यादा मच्छीमारांसोबत बसून ठरवा, आणि विणीच्या काळात गुहांकडे बोटी बंद ठेवा.

— एक वाचक, सावंतवाडी