रोहित्राची पूर्वसूचना

वीज गेली कीं घरोघर पहिला उद्गार निघतो तो वीज-कंपनीच्या नांवानें, आणि पुष्कळदां तो योग्यही असतो. परंतु रोहित्र, म्हणजे आपण ज्यास ट्रान्सफॉर्मर म्हणतों तें यंत्र, प्रवाहापासून आपोआप अलग होतें, तेव्हां कित्येकदां तें स्वतःस जळण्यापासून वांचवीत असतें. त्यास तशी पाळी येऊं नये म्हणून काय करावें, हा खरा प्रश्न होय.

रोहित्राच्या पोटांत कागदानें गुंडाळलेलीं तारांचीं वेटोळीं तेलांत बुडविलेलीं असतात. उष्णता व ओलावा हे त्या कागदाचे दोन वैरी. आंत दोष उत्पन्न झाला म्हणजे तेलांतून वायूचे बुडबुडे निघतात. ह्याच गोष्टीचा उपयोग करून जर्मन संशोधक मॅक्स बुखहोल्ट्स ह्यानें १९२१ सालीं एक उपकरण योजिलें. वायु हळूहळू सांचला तर सूचनेची घंटा वाजते. तेल एकदम उसळलें तर वीज तोडली जाते. त्या दोहोंमधील अवधींत माणसानें जागें व्हावयाचें असतें.

पूर्वसूचनेकडे दुर्लक्ष झाल्यास काय होतें, हें लंडनकरांनीं पाहिलें. २० मार्च २०२५ रोजीं रात्रीं तेथील नॉर्थ हाइड उपकेंद्रांत एक मोठें रोहित्र पेटलें आणि थोड्याच वेळांत शेजारचेंही बंद पडलें. हजारों घरें अंधारांत गेलीं; हीथ्रो विमानतळ दुसऱ्या दिवशीं संध्याकाळपर्यंत बंद राहिला. वीज आंत नेणाऱ्या बुशिंग नामक भागांत ओलावा शिरला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. त्या ओलाव्याची खूण २०१८ सालच्या तेल-तपासणींतच दिसली होती!

तात्पर्य, तेलाची वेळच्या वेळीं तपासणी व्हावी आणि तिच्या निष्कर्षावर तत्काळ कृतिही व्हावी. एकत्र कुटुंबांत एक कर्ती व्यक्ति आजारी पडली तर दुसरी तिचा भार उचलते. उपकेंद्रांतही एक रोहित्र दुरुस्तीस काढतां यावें इतकी शक्ति दुसऱ्यांत शिल्लक असावी, व दोहोंमध्यें आग अडविणारी भिंत असावी.

गल्लींतील लहान रोहित्राच्या बाबतींत आपल्याही हातीं कांहीं आहे. घरांत नवें वातानुकूलन यंत्र बसविलें तर वाढीव भार मंजूर करून घ्यावा. न कळविलेला भार उन्हाळ्यांत रोहित्रास तापवितो. मोठ्या घरांत जड उपकरणें तिन्ही फेजांवर सारखीं वांटावीं व पंप, गीझर, इस्त्री एकाच वेळीं चालवूं नयेत. रोहित्रांतून तेल गळतांना किंवा ठिणग्या उडतांना दिसल्यास जवळ न जातां ताबडतोब तक्रार नोंदवावी.

आणि दुरुस्तीसाठीं आगाऊ कळवून दोन तास वीज बंद ठेविली तर कुरकुर करूं नये. घरांत प्राणवायूच्या यंत्रावर असलेले आजोबा असतील, तर आधीं कळलेल्या दोन तासांची तजवीज करतां येते. मध्यरात्रीं अकस्मात् आलेल्या अंधाराची करतां येत नाहीं.