घरातले देव आणि नास्तिकाचे गद्य

मराठी वैचारिक गद्याचा अभ्यास करताना काही शब्द आपण डब्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखे वापरतो. 'बुद्धिप्रामाण्यवादी' हा त्यांपैकी एक. गोपाळ गणेश आगरकर, र. धों. कर्वे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ही नावे प्रबंधांतून एकापाठोपाठ येतात आणि ईश्वर नाकारणारी ही माणसे जणू एकाच पाठशाळेतून बाहेर पडली असावीत, अशा रीतीने त्यांची चर्चा होते. त्यांनी काय नाकारले हे आपण नीट सांगतो. ते कोणत्या घरातून निघाले, त्या घरातल्या देव्हाऱ्याचे पुढे काय झाले आणि त्या घराची कोणती सवय त्यांच्या वाक्यरचनेत शिल्लक राहिली, हे प्रश्न मात्र चरित्रकाराचे म्हणून आपण बाजूला ठेवतो. माझ्या मते ते वाङ्मयाच्या अभ्यासकाचेच प्रश्न आहेत. श्रद्धेच्या घरात वाढलेल्याची नास्तिकता आणि देव नसलेल्या घरात वाढलेल्याची नास्तिकता यांचा निष्कर्ष एक असला, तरी त्यांचे गद्य एक नसते.

येथे एक खबरदारी आधीच घ्यावयास हवी. संगोपन हे नास्तिकतेचे कारण आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे तिलक-आगरकरांच्या जोडीपाशीच कोसळते. दोघेही १८५६ च्या जुलै महिन्यात नऊ दिवसांच्या अंतराने जन्मले. एकाच ज्ञातीत, सारख्याच आचाराच्या घरांत वाढले. डेक्कन कॉलेजात एकत्र आले. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगातले एकशे एक दिवसही त्यांनी बरोबरच काढले. घर सारखे, शिक्षण सारखे आणि निर्णय मात्र दोन टोकांचे! शिवाय 'लहानपणी अमुक घडले म्हणून हा नास्तिक झाला' हे विधान आपल्याकडे बहुधा युक्तिवाद टाळण्यासाठीच केले जाते. विचाराचे जन्मस्थान सांगितल्याने विचार खरा वा खोटा ठरत नाही. श्रद्धावंताचे संगोपन तपासावे असे कोणाला सुचत नाही आणि नास्तिकाचे मात्र सुचते, यातला पक्षपातही लक्षात घेतला पाहिजे. तेव्हा संगोपन ईश्वरविषयक निर्णय घडवीत नाही. त्या निर्णयाचा सूर, त्याची वादपद्धती आणि त्याला दिसणारा प्रतिपक्ष घडविते, एवढेच माझे म्हणणे आहे.

तर्कतीर्थांचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. पिंपळनेरच्या ब्राह्मण घरात १९०१ साली जन्मलेला हा मुलगा किशोरवयात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत आला आणि नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्यापाशी शास्त्रे शिकला. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या सहवासानंतर आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या वाचनानंतर त्यांनी 'जडवाद' आणि 'हिंदुधर्माची समीक्षा' ही पुस्तके लिहिली. ही पुस्तके वाचताना जाणवते ती वाईची शिस्त. पूर्वपक्ष असा मांडावयाचा की खुद्द पूर्वपक्ष्यालाही त्यात न्यून आढळू नये. मग त्याच्याच प्रमाणांनी त्याला कोंडीत पकडावयाचे. धर्म नाकारण्याची ही रीत धर्मशास्त्राच्याच पाठशाळेत मिळालेली आहे. आणि याच लेखकाने आयुष्याची कित्येक दशके धर्मकोशाच्या संपादनात घालविली, यात विसंगती पाहणाऱ्यांना शास्त्र्याच्या नास्तिकतेची जातकुळीच कळलेली नाही. ज्या घराशी भांडावयाचे त्या घराचा कोपरा न् कोपरा ठाऊक असणे, हे तिचे बळ आहे. तिची मर्यादाही तीच आहे: देव्हाऱ्याशी ज्याचे कधीच नाते नव्हते, अशा वाचकाला हा वाद परक्या घरातल्या वाटणीच्या भांडणासारखा वाटू शकतो.

आगरकरांकडे शास्त्र्याची सामग्री नव्हती. त्यांची भिस्त मिल्ल आणि स्पेन्सर यांच्यावर. परंतु १८८८ साली सुरू झालेल्या 'सुधारका'तल्या त्यांच्या लेखनाला जो ताप आहे, तो स्पेन्सरकडून आलेला नाही. 'देवतोत्पत्ति'सारख्या निबंधात ते देवाची उपपत्ती थंडपणे लावू पाहतात आणि थोड्याच वेळात आवाज चढतो. समोर बसलेली माणसे आपलीच आहेत, हे ते विसरू शकत नाहीत. घरात यशोदाबाई श्रद्धाळूच राहिल्या आणि त्यांच्या आचाराला आगरकरांनी आडकाठी केली नाही, ही गोष्ट त्यांच्या उदारतेचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला ती त्यांच्या शैलीची गुरुकिल्ली वाटते. त्यांचा प्रतिपक्ष रोज त्यांच्याच घरात वावरत होता.

र. धों. कर्व्यांची गोष्ट निराळी. वडिलांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि मुरुडने त्यांना वाळीत टाकले, तेव्हा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. धर्म हा त्याच्या वाट्याला तत्त्वज्ञान म्हणून येण्याआधी गावचा बहिष्कार म्हणून आला. १९२७ पासून अखेरपर्यंत चालविलेल्या 'समाजस्वास्थ्या'त देवाविषयी तळमळ नाही, तशी चीडही फारशी नाही. कोरडा तुच्छभाव आहे. ईश्वराच्या अस्तित्वापेक्षा लोकांच्या आरोग्यातली त्याची लुडबूड त्यांना खुपते. अर्ध्या सुधारलेल्या घरातली ही नास्तिकता. तिच्या मागे पाठशाळा नाही आणि पुढे संवादाची अपेक्षाही नाही.

आता ज्या घरांतून देव आधीच उठून गेला होता, त्या घरांकडे वळू. इरावतीबाई (१९०५–१९७०) शालेय वयात ब्रह्मदेशातून पुण्याला आल्या आणि रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी वाढल्या. रँग्लरसाहेब आपले निरीश्वरवादी मत कधी लपवीत नसत. पुढे त्या महर्षी कर्व्यांच्या सून झाल्या. त्या स्वतः नास्तिक होत्या की नव्हत्या याचा निवाडा मी करीत नाही. तो करण्याची घाई केली की त्यांच्या लेखनातले निसटते. मला दिसते ते एवढेच की, अशा घरात वाढलेली ही बाई पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालते आणि 'वाटचाल' लिहिते. त्या लेखात श्रद्धेचा उपहास नाही, तसे शरण जाणेही नाही. वारकऱ्यांच्या आनंदात त्या सहभागी होतात आणि त्याच वाटेवर ब्राह्मणांच्या नि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात, याने व्यथित होतात. आगरकरांना ही वाट अशी चालता आली असती, असे मला वाटत नाही. त्यांना प्रत्येक पावलावर वाद घालावा लागला असता.

याच्याच शेजारी दामोदर धर्मानंद कोसंबी यांना ठेवून पाहावे. धर्मानंद गोव्याच्या सारस्वत घरातून बुद्धाच्या शोधात निघाले, १९०२ मध्ये सिंहलद्वीपात भिक्षू झाले. 'निवेदन' हे त्यांचे आत्मचरित्र म्हणजे एका घरातून बाहेर पडण्याचा वृत्तांतच आहे. मुलाला जो वारसा मिळाला, त्यात ईश्वराला स्थान नव्हते. मुलगा गणिती झाला, मार्क्सवादी झाला. आणि हा मुलगा काय करतो, तर पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर शेंदूर फासलेले दगड शोधीत हिंडतो, मातृदेवतांच्या ठाण्यांची नोंद करतो, पालखीच्या वाटा प्रागैतिहासिक माणसाच्या भटकंतीशी जोडून पाहतो. 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) हा ग्रंथ त्यातून झाला. तो इंग्रजीत आहे म्हणून मराठी विभागांनी त्याला परका मानावे, हे बरोबर नाही. त्याची भूमी आपली आहे. वडील देवांपासून दूर गेले, मुलगा देवांच्या दगडांपर्यंत परत आला. पण भक्त म्हणून नव्हे आणि भंजक म्हणूनही नव्हे. ज्याला घर सोडण्याचे दुःख भोगावे लागले नाही, त्याला ते घर निवांतपणे पाहता येते. या निवांतपणाची किंमत आदल्या पिढीने मोजलेली असते, हे तेवढे विसरू नये.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर हा प्रश्न मूठभर सुधारक घरांपुरता राहिला नाही. नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांनी लाखो घरांतले देव्हारे एका पिढीत रिकामे केले. स्वतः डॉ. आंबेडकर कबीरपंथी वडिलांच्या कडक धार्मिक शिस्तीत वाढले होते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रास्ताविकात त्यांनी ते सांगितले आहे. त्यांनी ईश्वर नाकारला, धम्म नाकारला नाही, यामागे त्या घराचे नैतिक गांभीर्य उभे असावे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये जुन्या देवांचे, अंगात येण्याचे इतके तपशील येतात, ते त्या देवांतून बाहेर पडलेल्या बाईच्या डोळ्यांनी पाहिलेले आहेत. पुढची पिढी ते तपशील लिहू शकणार नाही. एम. ए.च्या वर्गात आगरकर शिकविताना हे अनेकदा अनुभवास येते. वारकरी घरातून आलेला विद्यार्थी अस्वस्थ होतो, वाद घालतो, तासानंतर थांबतो. बौद्ध घरातली विद्यार्थिनी शांतपणे विचारते, "सर, यात सिद्ध करण्यासारखं काय आहे?" तिला आगरकर पटतात आणि म्हणूनच लागत नाहीत. वारशाने मिळालेली नास्तिकता दुबळी, स्वतः मिळविलेली तेवढी खरी, असा एक समज रूढ आहे. तो मला मान्य नाही. मातृभाषा वारशानेच मिळते. तिच्यात पुढे काय लिहिले जाते, यावर तिची कसोटी लागते.

अडचण वेगळीच आहे. नाकारणे ही घटना असते, तिला तारीख असते, तिची अवतरणे देता येतात. अनुपस्थितीची नोंद कशी करावयाची? गौरी देशपांडे (१९४२–२००३) या इरावतीबाईंच्या कन्या. त्यांच्या नायिका प्रेम, विवाह, मुले, मरण यांविषयी अखंड बोलतात. ईश्वर हा मात्र त्यांच्या भांडणाचा विषय होत नाही. त्यांच्या कथात्म साहित्याविषयी लिहिताना आपण स्त्रीवाद पाहिला, परदेश पाहिला, भाषेतला मोकळेपणा पाहिला. संकटाच्या क्षणी त्यांच्या स्त्रिया कोणाचा धावा करीत नाहीत, हे आपल्या सूचीत कोठेच आलेले नाही. कारण विषयसूची पुस्तकात असलेल्या शब्दांवरून केली जाते.